एन.सी. ते तीनशे त्रेपन्न

विदर्भातल्या गिरडसारख्या गावात मारहाणीचा कायदा लोकांना दोनच नावांनी ठाऊक असतो: ‘एन.सी.’ आणि ‘तीनशे त्रेपन्न’. धुऱ्यावरून भावकीत जुंपते, चार बुक्क्या बसतात. मार खाल्लेला माणूस ठाण्यातून मेडिकल मेमो घेऊन दवाखान्यात जातो. डॉक्टर ‘साधी दुखापत’ लिहितात. ठाण्यात अदखलपात्र नोंद, म्हणजे ‘एन.सी.’, होते, हातात प्रत पडते आणि वर ‘कोर्टात दाद मागा’ अशी समज मिळते. तोच हात तलाठ्यावर उठला, तर मात्र भाषा थेट अटकेची.

या तफावतीचे मूळ १८६० च्या भारतीय दंड संहितेत आहे. त्या कायद्याने मारहाण जखमेवरून मोजली. गंभीर दुखापतीचे आठ प्रकार ठरवले: डोळा गेला, हाड मोडले, वीस दिवस तीव्र वेदना राहिल्या, वगैरे. त्यात न बसणारी दुखापत साधी. शिक्षा एक वर्षापर्यंत किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. सरकारी नोकराला कामात अडवण्यासाठी अंगावर धावून जाणे मात्र, जखम नसली तरी, कलम ३५३ खाली दोन वर्षांचा गुन्हा. राज्यकर्त्याला आपल्या माणसाची काळजी होती, तेवढी ती रयतेच्या धुऱ्याची नव्हती.

जखमेच्या या मोजपट्टीला मोठा धक्का विदर्भातूनच बसला. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तो खटला मथुरा प्रकरण म्हणून ओळखला जातो. तिच्या अंगावर जखमा नाहीत, यालाही महत्त्व देत सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. पुढल्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर आंदोलन उभे राहिले. १९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात, शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर, ‘संमती नव्हती’ हे स्त्रीचे म्हणणे आधी खरे धरायचे ठरवले. २०१३ मध्ये तर स्पर्शही न करता केलेला पाठलाग गुन्हा झाला. कायदा जखमेकडून माणसाच्या म्हणण्याकडे सरकत होता.

महाराष्ट्राने स्वतः केलेल्या दुरुस्त्यांचा भर मात्र शिक्षेची वर्षे वाढवण्यावर राहिला. २०१८ मध्ये कलम ३५३ ची शिक्षा दोनवरून पाच वर्षांवर नेली. फेब्रुवारी २०२० मध्ये गिरडच्या शेजारच्या हिंगणघाट तालुक्यात एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेट्रोल टाकून पेटवले. तो संताप ताजा असतानाच महिलांवरील गुन्ह्यांसाठीच्या शक्ती कायद्याला वेग आला. काही गुन्ह्यांत फाशीची तरतूद असलेले हे विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने मंजूर केले; राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. हिंगणघाटच्या आरोपीला २०२२ मध्ये जन्मठेप झाली ती जुन्याच कलमाखाली. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्यात सरकारी नोकरावरील हल्ल्याची शिक्षा पुन्हा दोन वर्षांवर आली.

नव्या संहितेने वीस दिवसांचे पंधरा केले, हजाराचा दंड दहा हजार केला. साधी दुखापत मात्र अदखलपात्रच राहिली. ती सरसकट दखलपात्र करावी, असे मला वाटत नाही. तसे केले तर प्रत्येक भांडणात दोन्हीकडून तक्रारी होतील आणि अटकेचा धाक ज्याच्या हाती, त्याचेच फावेल. ‘तीनशे त्रेपन्न लावतो’ ही धमकी गावाने पुरेशी ऐकली आहे.

दुरुस्तीची खरी जागा दुसरीकडे आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ नुसार पोलिसांनी अदखलपात्र नोंदींचा दैनंदिन डायरी अहवाल दर पंधरवड्याला दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचा आहे. फौजदारी कायदा समवर्ती सूचीतला विषय. राज्याला त्यात भर घालता येते. एकाच माणसाविरुद्ध त्याच तक्रारदाराची दुसरी नोंद झाली, की दंडाधिकाऱ्यांकडे तपासाची परवानगी मागणे पोलिसांवर बंधनकारक करावे. पाच वर्षांची शिक्षा फाइलवर भारदस्त दिसत होती. दुसऱ्यांदा मार खाऊन ठाण्यात आलेल्या माणसाला मात्र आपली पहिली तक्रार कुणीतरी वाचली, एवढे कळले पाहिजे. एकशे साठहून अधिक वर्षांनी बदललेल्या या कायद्यात ती सोय अजून व्हायची आहे.