शेवटचा हात

सार्वजनिक ठिकाणी अनर्थ घडला, की आपण प्रथम विचारतो, ‘त्या वेळी तिथे कोण होते?’ प्रश्न स्वाभाविक आहे. पण तेवढाच प्रश्न पुरे आहे काय?

6 नोव्हेंबर 2021, भाऊबीजेचा दिवस. तेव्हाच्या अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात करोनाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या दिवशी 11 रुग्ण दगावले. त्याच वर्षी 9 जानेवारीच्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील आगीने 10 नवजात अर्भकांचा बळी घेतला होता. त्यानंतर रुग्णालयांच्या तपासणीचे आदेशही निघाले होते. तरी दहा महिन्यांत नगरला तेच घडले. पुढे काही दिवसांतच एक डॉक्टर आणि तीन परिचारिका यांना अटक झाली.

त्यांचा दोष किती, हे ठरविणे न्यायालयाचे काम. आपल्यापुढचा प्रश्न निराळा आहे. विजेची जोडणी, बाहेर पडण्याची वाट, पाण्याची सोय आणि या सर्वांसाठीचा पैसा अनेकांच्या हातांतून जातो. त्यांतला प्रत्येक जण म्हणू शकतो, ‘माझा वाटा थोडासाच.’ कर्ज भावाभावांत वाटले, तर ज्याच्या त्याच्या वाट्याला कमी येते. जबाबदारीचे तसे नाही. आडाजवळ खेळणाऱ्या पोरावर लक्ष ठेवायला दोघांना सांगितले, म्हणून प्रत्येकाने एकाच डोळ्याने पाहायचे नसते.

कोणी म्हणेल, सगळेच दोषी ठरले की कोणीच दोषी उरत नाही. आक्षेप खरा आहे. म्हणूनच शिक्षा आणि कर्तव्य ही वेगवेगळी मोजावी लागतात. शिक्षा पुराव्याप्रमाणे, ज्याची त्याला. कर्तव्य मात्र ज्याला ज्याला जाब विचारता येतो, त्या प्रत्येकावर पुरेपूर.

आणि जाब विचारता येतो कोणाला? तुम्हा-आम्हाला. पण घरात दुखणे आले, की ऐपत असलेले आपण खासगी दवाखाना गाठतो. त्यात गैर काही नाही. मात्र आपल्याबरोबर विचारणारा आवाजही तिथून निघून जातो. मागे उरतो तो पाथर्डी-जामखेडहून एस.टी.ने आलेला, डॉक्टरसाहेबांपुढे हात जोडून उभा राहणारा माणूस. ‘इथून बाहेर पडायला दुसरी वाट कुठे आहे?’ हे त्याने विचारावे, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार?

सरकारी रुग्णालय तिथे कधीच न जाणाऱ्यांचेही असते. आगीच्या वेळी खाटेजवळ असतो, तो शेवटचा हात. त्याच्या कितीतरी आधी आपला हात तिथे पोचायला हवा होता. तो अजूनही पोचू शकतो.