चार अंड्यांतलं एक

गळ्यात तुळशीची माळ आणि अंगणात कोंबड्या, यावरून वाटूरमध्ये माझी थट्टा होते. मी कोंबडी खात नाही, नुसती पाळतो. तीही शोभेची, ओंजळीत मावणारी जपानी बँटम. जावा बेटावरच्या बांतेन बंदरावरून बँटम हे नाव पडलं. पाय इतके आखूड, की पोट जवळजवळ जमिनीला टेकतं.

खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली, की साधारण २१ दिवस वाट पाहायची. दर वेळी काही अंड्यांतला जीव आतच मरायचा. मी प्रारब्ध म्हणून गप्प बसायचो. मग कारण कळलं: आखूड पायांचं जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं, तर पिल्लू जगतच नाही. सरासरी चारांत एक. म्हणजे प्रारब्ध कसलं, जोडी तर मीच लावली होती!

न खाणाऱ्याला हिंसेचा दोष लागत नाही, हा माझा भ्रम होता. सौंदर्याची हौस माझी. तिची किंमत पिल्लानं का द्यावी? आता आखूड पायांच्या कोंबड्याबरोबर लांब पायांची कोंबडी सोडतो. निम्मी पिल्लं लांब पायांची निघतात, त्यांना शोभेची म्हणून कोणी विचारत नाही. पण त्या जनुकापायी अंड्यात आता कोणी मरत नाही.