पिंगला दारात का उभी होती?



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, स्कंध ११, अध्याय ८, पिंगलेची कथा.

गेले काही दिवस आपण अवधूताचे चोवीस गुरू वाचतोय. पृथ्वी झाली, वारा झाला, कबुतर झालं, अजगर झाला. आज सतरावा गुरू, आणि तो पशुपक्षी नाही. विदेह नगरीतली एक गणिका आहे, पिंगला.

कथा छोटी आहे. संध्याकाळी पिंगला नटूनथटून दारात उभी राहते. रस्त्यावरून माणूस येताना दिसला की तिला वाटतं, हा नक्की येणार, हा चांगले पैसे देणार. तो निघून जातो. मग वाटतं, जाऊ दे, पुढचा याच्याहून श्रीमंत असेल. ती आत जाते, बाहेर येते, परत आत जाते. असं करता करता मध्यरात्र होते. तोंड सुकतं, झोप उडते. आणि मग तिला या सगळ्याचाच वीट येतो. जो सतत देतो तो इतका जवळ, आत बसलेला असताना मी कुणाकुणाची वाट बघतेय, असं तिच्या मनात येतं. ती गिऱ्हाइकाची आशा सोडते, आत जाते आणि शांत झोपते.

अवधूताने ही गोष्ट यदुराजाला सांगितली, श्रीकृष्णाने उद्धवाला आणि एकनाथमहाराजांनी आपल्याला. नाथांची ही एकादश स्कंधावरची टीका १५७३ साली काशीत पूर्ण झाली. नाथ स्वतः संसारी होते. दारात कोण येतं, कोण जातं आणि त्याने घरातल्या माणसाचं काय होतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

दार आणि मूड

मी ही कथा कीर्तनात बऱ्याचदा ऐकलीये. पण यंदा ती फारच जवळची वाटली, कारण सध्या आम्ही डोंबिवलीचं घर विकायला काढलंय. बाबांनी १९९१ साली घेतलेला वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाबा आता नाहीत आणि आईचे गुडघे जिना चढू देत नाहीत. ती भाजी आणायला उतरली की वर येताना प्रत्येक मजल्यावर बसते. तिला पुण्याला माझ्याजवळ आणायचंय, आणि तिथल्या घराचे पैसे या घरातूनच यायचेत.

ज्यांनी घर विकलंय त्यांना पुढचं माहीत आहे. एजंटचा फोन येतो, "ताई, वीस मिनिटांत पार्टी आणतो." गॅसवर आमटी असते, दोरीवर कपडे असतात. धावपळ करून सगळं आवरायचं. पार्टी दीड तासाने येते, कधी येतच नाही. आलेली माणसं नळ सोडून बघतात, बाबांचं कपाट उघडतात, न विचारता व्हिडिओ काढतात. "कार्पेट एवढाच का?" "देवघर या दिशेला? आमच्यात नाही चालत." "हा कडप्पा तर काढूनच टाकावा लागेल." आई तिथेच उभी असते. त्या कडप्प्यावर तिने तीस वर्षं पोळ्या लाटल्यात. मग जाताना सगळ्यांचं एकच वाक्य, "कळवतो." आणि कुणीही कळवत नाही.

त्या रात्री आम्ही दोघी जेवताना बोलतो ते फक्त यावर. ते जोडपं खूश दिसत होतं ना? त्या बाईने दोनदा गॅलरीत जाऊन बघितलं, म्हणजे आवडलं असणार. सोमवारपर्यंत फोन आला नाही की आई गप्प होते.

हीच पिंगला. तिचं दुःख गिऱ्हाईक आलं नाही एवढंच नव्हतं. रस्त्यावरच्या प्रत्येक पावलाच्या आवाजाबरोबर तिचं मन वर जात होतं आणि खाली येत होतं. आपली शांती तिने अशा माणसांच्या हातात दिली होती, ज्यांना ती दिसलीसुद्धा नव्हती.

तुमच्यापैकी अनेकांना घर विकायचं नसेल. पण इंटरव्ह्यू देऊन मेलची वाट बघताय? स्थळ बघून गेलं आणि निरोप नाही? दोन निळ्या टिका दिसतायत आणि उत्तर नाही? तुम्हीही त्याच दारात उभे आहात.

आशा सोडायची म्हणजे काय?

इथे एक गैरसमज होतो. आशा सोड म्हणजे प्रयत्न सोड, येईल त्या किमतीला देऊन टाक, असा अर्थ काढला जातो. मला तसं वाटत नाही. आईचे गुडघे खरे आहेत, पुण्याचे हप्ते खरे आहेत. घर दाखवणं हे माझं कर्म आहे, ते नीटच करायला हवं. पिंगलेने सोडली ती वाट बघण्यातली तडफड. 'या माणसाने हो म्हटलं तरच मी ठीक' ही अट तिने काढून टाकली.

दुसरी गोष्ट. याच अवधूताचा एक गुरू साप आहे. तो स्वतःचं घर बांधत नाही, दुसऱ्याने केलेल्या बिळात सुखाने राहतो. त्या नजरेने बघितलं तर आमच्या घरी येणारा माणूस कडप्प्याला नावं ठेवतो तेव्हा तो आईला किंवा बाबांना नावं ठेवत नसतो. त्याला भिंती बघायच्यात. त्या भिंतीत आम्ही राहिलो, आम्ही म्हणजे त्या भिंती नाही. आणि तोही बिचारा बँकेने मंजूर केलेल्या कर्जाचा आकडा डोक्यात घेऊन दहावं घर बघत फिरतोय. तोसुद्धा कुणाच्या तरी 'हो'ची वाट बघतोय. हे लक्षात आलं की राग थोडा उतरतो. पूर्ण नाही उतरत, पण थोडा उतरतो.

आम्ही सध्या काय करतोय

एजंटला सांगितलंय, शनिवार-रविवार चार ते सहा. इतर वेळी नाही. कार्पेट, मेंटेनन्स, पाण्याच्या वेळा, सोसायटीच्या एनओसीची माहिती एका कागदावर लिहून ठेवलीये, म्हणजे तेच तेच सांगून जीव दमत नाही. आलेल्याला पाणी द्यायचं, हसून बोलायचं. तो घर बघत असताना आई देवघरापाशी बसून माळ ओढते. दार बंद झालं की पाच मिनिटं नामस्मरण, आणि ती पार्टी तिथेच संपली. टोकन हातात येईपर्यंत तिच्याबद्दल घरात चर्चा नाही.

घर अजून विकलं गेलेलं नाही. पण परवा एकजण "कळवतो" म्हणून गेल्यावर आई मला म्हणाली, "चल, आता आमटी गरम कर." त्याच्याबद्दल एक शब्द नाही. मला ते घर विकलं जाण्याइतकंच मोठं वाटलं.

आजचा अभ्यास : आज दिवसभरात ज्या एका उत्तराची तुम्ही वाट बघताय ते ओळखा. त्यासाठी करायचं ते काम पूर्ण करा. मग फोन पालथा ठेवून अकरा वेळा नाम घ्या, आणि मगच पुढच्या कामाला लागा.

पांडुरंगा, आमच्या दाराशी जो येईल त्याचं नीट स्वागत करायची बुद्धी दे. जो परत जाईल त्याच्यामागे आमचं मन पाठवू नकोस. ते तुझ्याजवळ बसू दे.

उद्या नवव्या अध्यायातला कुरर पक्षी. राम कृष्ण हरी!