कुठले पवार?

बारामती तालुक्यात वडगाव निंबाळकर नावाचं गाव आहे. फलटणच्या नाईक निंबाळकरांना हे आडनाव निंबळक गावावरून मिळालं. मूळ कूळ ते परमार, म्हणजे पवार, सांगतात. कुळाचं नाव मागे पडलं, गावाचं नाव आडनाव झालं आणि तेच आडनाव नीरेच्या अलीकडे दुसऱ्या एका गावाला चिकटलं. पवार आणि निंबाळकर वेगवेगळ्या रकान्यांत मोजले, तर यातलं काहीच हाती लागत नाही.

आडनावांच्या मोजदादीला माझा आक्षेप आहे तो इथेच. निवडणूक जवळ आली की बारामती-इंदापुरात मतदारयाद्या उघडतात आणि अमक्या आडनावाची इतकी मतं, असा हिशेब मांडला जातो. एक आडनाव म्हणजे एक भावकी, हे त्यात गृहीत धरलेलं असतं.

इंग्लंडात हे गृहीत क्वचित खरं ठरतं. यॉर्कशरमधलं साइक्स हे आडनाव ओहोळावरून आलेलं. ओहोळ गावोगाव असतात, तेव्हा ते अनेक घराण्यांनी स्वतंत्रपणे घेतलं असावं, असं मानलं जाई. ऑक्सफर्डचे जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी आपल्याच आडनावाच्या पुरुषांचं वाय गुणसूत्र तपासलं, ते संशोधन 2000 साली प्रसिद्ध झालं. जवळपास निम्म्या पुरुषांत एकाच मूळपुरुषाची खूण सापडली. म्हणजे इतक्या जुळणाऱ्या आडनावातही निम्मे बाहेरचे! लोहारकामावरून पडलेल्या स्मिथबद्दल तर बोलायलाच नको.

आपल्याकडे पवार मराठ्यांत आहेत, दलितांत आहेत, बंजाऱ्यांत आहेत, पारध्यांतही आहेत. भोसले आणि चव्हाणांचंही तेच. गावातल्या जाणत्या माणसाला हे पुरतं ठाऊक असतं. सोयरीक जुळवायला बसलं की पहिला प्रश्न येतो, ‘‘पाव्हणं, कुठले पवार?’’ मग गाव, मग देवक, मग मामाचं कूळ. आडनावावर कुणी थांबत नाही. त्या विचारपुशीत जातीची कठोर चाळणी असते आणि ती मला मान्य नाही. पण नुसत्या आडनावाने माणूस कळत नाही, एवढं तरी तिथे पक्कं धरलेलं असतं.

‘कर’ लावलेल्या आडनावांची तऱ्हा आणखी वेगळी. ती गाव सोडल्यावर अंगाला लागतात. गावातच राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोण ओळखणार? नीरेकाठच्या होळ गावचे मल्हारराव होळकर म्हणून माळव्यात गाजले. जोशी घराण्यातले सावकार बाबूजी नाईक पेशवाईच्या राजकारणात बारामतीकर म्हणून वावरले. 1740 मध्ये रघूजी भोसल्यांनी पेशवेपदासाठी त्यांचंच नाव पुढे केलं होतं. त्यांच्या आश्रयाने कऱ्हाकाठी राहिलेले मोरोपंत मात्र पराडकरच राहिले. अशी आडनावं मूळ गावात विरळ आणि परमुलखात दाट सापडावीत, यात नवल नाही.

आणि या साऱ्या मोजणीत बायका कुठे आहेत? देवकात्यांची लेक काकड्यांकडे दिली की यादीत काकडे वाढतात. तिच्या आईचं, आजीचं माहेर कोणत्याच रकान्यात येत नाही. ज्या आडनावाला आपण वंश म्हणतो, ते प्रत्येक पिढीत निम्मं गोत वगळून पुढे सरकतं. वडिलांच्या जमिनीत वारस म्हणून सातबाऱ्यावर माहेरचं आडनाव आणि आधार कार्डावर सासरचं, अशी तिची गत होते. मग ही दोन्ही नावं एकाच बाईची, हे सिद्ध करायला तिलाच प्रतिज्ञापत्र घेऊन तहसीलच्या पायऱ्या चढाव्या लागतात.