बाजारातील ध्यान

पुण्याजवळचे हडपसर हे माउली आणि तुकोबाराय या दोघांच्याही पालख्यांच्या वाटेवरचे. येथून एक पालखी दिवेघाटाकडे वळते, दुसरी लोणी काळभोरला जाते. शेते होती तेथे आता उंच इमारती उठल्या. 2011 साली अमनोरा हा मोठा बाजारही झाला. तो आम्ही पाहिला. दुकानांमधून मोकळ्या आभाळाखाली वाट, बसायला बाकडी. घ्यायचे काही नसले तरी माणूस हिंडत राहतो.

मग काहीच घेतले नाही, तर बिघडले काय? गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील 62 व्या श्लोकात भगवंत क्रम सांगतात: विषयाच्या ध्यानाने संग, संगापासून काम. खरेदी ही पुढची गोष्ट, बरं का! पहिली पायरी ध्यानाची, आणि ती नुसते हिंडतानाच चढली जाते.

म्हणून बाजाराला पाप म्हणावे काय? छे! तुकोबाराय स्वतः वाणी, दुकान चालविलेले. शिवाय चार भिंतींत वाढणाऱ्या लेकरांना हुंदडायला अंगण कोठे आहे? तेथे जाणाऱ्यांना हिणवू नये.

वारीतही आपण चालतोच. पण तेथे पायांना पंढरी ठाऊक असते आणि मुखी नाम असते. तसेच घरून निघतानाच काय हवे ते ठरवावे, तेवढे घ्यावे, उरलेली वाट नामात चालावी. तरीही मन कशाला चिकटलेच, तर वस्तूला दोष न देता मनालाच पुसावे, "बाबा रे, कालपर्यंत हिच्यावाचून तुझे काय अडले होते?"

रामकृष्णहरि!