छायेचें ऋण

घराशेजारचें जुनें झाड राखावें कीं तोडावें, हा प्रश्न वाशीम जिल्ह्यांत दरवर्षीं वैशाख-ज्येष्ठांत नव्यानें उभा राहतो. उन्हाचा ताप पराकोटीस पोंचला म्हणजे एखाद्या दुपारीं आभाळ अकस्मात् भरून येतें, धुळीचे लोट उठतात, आणि वऱ्हाडांत ज्यास वावधन म्हणतात त्या वादळांत फांद्या मोडतात व छपरावरील पत्रे उडतात. दुसऱ्या दिवशीं गांवोगांव कुऱ्हाडी बाहेर निघतात. कालपर्यंत ज्याच्या सावलींत बाज टाकून निजावें, त्याच निंबाकडे घरधनी आज शत्रूसारखा पाहूं लागतो.

या भयास हंसण्याचें आम्हांस कांहीं कारण दिसत नाहीं. १९९८ पर्यंत वाशीम ज्याचा भाग होता त्या अकोला जिल्ह्यांत, पारस या गांवीं, ९ एप्रिल २०२३ रोजीं वादळी पावसांत एक जुनाट निंब देवस्थानाच्या पत्र्याच्या मंडपावर कोसळला आणि तेथें आश्रयास थांबलेल्यांपैकीं सात माणसें मृत्यु पावलीं. झाडांचा कैवार घेणाऱ्यानें प्रथम हें स्पष्ट म्हटलें पाहिजे कीं, मनुष्याचा जीव झाडाहून मोठा आहे. परंतु एवढें मान्य केल्यानें दिसेल तें जुनें झाड तोडणें न्याय्य ठरतें काय? आमच्या मतें ठरत नाहीं. कारण आधीं विचारावयाचा एक प्रश्न शिल्लक राहतो, तो हा कीं, एरवीं झाडें धोक्याचीं होतात तीं कोणामुळें?

जेवढें झाड वर तेवढेंच तें खालीं, असा एक समज रूढ आहे. वस्तुतः बहुतेक मुळ्या जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांतच असतात व फांद्यांच्या घेराबाहेरहि दूरवर पसरतात. त्यांस पाण्याइतकीच हवाहि लागते. आपली काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते व पावसाळ्यांत फुगते. त्यामुळें मुळ्यांस आधींच ताण पडतो. त्यांत आपण नळासाठीं चर खणून एका अंगाच्या मुळ्या तोडतों, बुंध्यापर्यंत सिमेंटाचा थर घालतों, गाड्या उभ्या करून माती दडपतों. कोणी भीतीपोटीं सगळा शेंडाच छाटून टाकतो. त्या जागीं फुटणारे धुमारे भराभर वाढतात खरे, परंतु त्यांची पकड वरवरची असते, आणि छाटलेल्या तोंडांतून लांकूड कुजूं लागतें. ॲलेक्स शिगो या अमेरिकन शास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, झाडाची जखम मनुष्याच्या जखमेसारखी भरून येत नाहीं. झाड कुजक्या भागाभोंवतीं जणूं भिंत बांधून त्यास कोंडतें व बाहेरून नवें लांकूड वाढवितें. म्हणजे वीस वर्षांपूर्वीं घातलेला घाव आजहि झाडाच्या पोटांत तसाच असतो.

याच्या उलट बाजूचेंहि एक उदाहरण आहे. लंडननजीक क्यू येथील वनस्पतिउद्यानांत टर्नर्स ओक नांवाचा १७९८ सालचा वृक्ष आहे. तो दिवसेंदिवस खंगत चालला होता. ऑक्टोबर १९८७ च्या मोठ्या वादळानें त्यास मुळांसकट उचललें व पुन्हां जागच्याजागीं बसविलें. उद्यानांत शेंकडों झाडें आडवीं झालीं असल्यामुळें रक्षकांनीं यास नुसते टेकू देऊन ठेवले. पुढें तीन वर्षांनीं पाहतात तों झाड पूर्वींपेक्षां टवटवीत! प्रेक्षकांच्या पायांनीं वर्षानुवर्षें दडपलेली माती वादळानें मोकळी केली होती. म्हणजे तो ओक वार्धक्यानें नव्हे, तर चाहत्यांच्या वर्दळीनें खंगला होता.

हाच दोष आमच्याकडील भक्तांवरहि येतो. पिंपळास प्रदक्षिणा घालणारे, वडास सूत गुंडाळणारे लोकच पार सिमेंटानें बांधून काढतात, बुंध्यास खिळे ठोकून फलक लावतात, आणि डोक्यावरची वाळकी फांदी कधीं पाहत नाहींत. भिणारा झाड तोडतो, भाविक तें नमस्कारून सोडून देतो. झाडाचें हवें-नको पाहण्याचें दोघेहि टाळतात.

कायद्यानें हा प्रश्न सुटेल असें कित्येकांस वाटतें. महाराष्ट्रांतील नागरी क्षेत्रांसाठीं १९७५ चा वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे, व २०२१ च्या दुरुस्तीनें पन्नास वर्षांवरील झाडास वारसा म्हणून मान मिळाला. हें योग्यच झालें. परंतु कायद्यानें कुऱ्हाड अडवितां येते. मुळांवरची माती रोज कोण दडपतो हें त्याला पाहतां येत नाहीं.

मग हें कर्तव्य कोणाचें? लावणारा बहुधा हयात नसतो. कागदोपत्रीं मालक एक असला तरी सावली शेजाऱ्यासहि मिळते, निंबोळ्या साऱ्या आळीचीं मुलें वेंचतात. तेव्हां खर्च एकट्या मालकावर टाकून वादळाच्या वेळीं त्याच्या नांवानें बोटें मोडणें अन्यायाचें आहे. त्यांतून तो गरीब असेल तर क्रौर्याचेंहि आहे. ज्यांनीं छाया घेतली त्यांनीं मिळून उन्हाळा चढण्यापूर्वीं जाणत्या माणसाकडून झाड तपासून घ्यावें. बुंध्याशीं भूछत्रें उगवलीं आहेत काय, एका बाजूची माती उचलली गेली आहे काय, छपरावर वाळक्या फांद्या आहेत काय, हें पाहावें. वाळलेलें तेवढें उतरवावें, सिमेंट काढावें, पडवी किंवा मंडप हलवितां येत असेल तर हलवावा. एवढें करूनहि झाड उभें राहण्याजोगें नसेल, तर यथाविधि परवानगी घेऊन तें तोडण्यांत आम्हांस पाप दिसत नाहीं. न तोडण्यांत मात्र दिसतें.

ज्यानें झाडाकडे वर्षानुवर्षें पाहिलेंच नाहीं, त्यासहि प्रसंगीं तें तोडावें लागेल. जीव वाचविण्यासाठीं त्यानें तें अवश्य तोडावें. मात्र तोडतांना हा झाडाचा अपराध न मानतां आपल्या हातून राहिलेल्या कर्तव्याचें फळ मानावें, आणि त्या जागीं नवें रोप लावतांना बुंध्याभोंवतीं मोकळी माती सोडावी.