मागून येणाऱ्यांसाठी

पीएचडीला प्रवेश मिळाला की घरी पेढे वाटले जातात. खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. एमएला वर्ग असतो, वेळापत्रक असतं, एकाच पेपरला घाबरणारे चार मित्र असतात. पीएचडीत कोर्सवर्क संपलं की उरतात आपण, आपला विषय आणि गाईड.

विद्यापीठ अनुदान आयोगाची २०२२ ची नियमावली चोख आहे. मुदत किमान तीन वर्षं, कमाल सहा. दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण. एका प्राध्यापकाकडे एका वेळी जास्तीत जास्त आठ विद्यार्थी. पण पहिल्याच सादरीकरणात समितीनं विषयाच्या चिंध्या केल्या, तर दुसऱ्या दिवशी गाईडच्या केबिनमध्ये कोणत्या तोंडानं जायचं, हे नियमावली सांगत नाही. फेलोशिपची फाईल कोणत्या टेबलावर अडते, आधी सही कुणाची लागते, हेही नाही. ते दोन वर्षं पुढे असलेल्याला ठाऊक असतं. आयआयटी मुंबईसारख्या संस्थेत नव्या पदव्युत्तर आणि पीएचडी विद्यार्थ्यांना जुन्या विद्यार्थ्यांची सोबत मिळते, ती यासाठीच.

'सर, मला हे समजलं नाही' असं गाईडसमोर म्हणायला जीभ रेटत नाही; प्रगती अहवालावर सही त्यांचीच असते. कँटीनमध्ये कटिंग घेताना एखादी सीनियर मात्र सहज सांगून जाते, "अगं, माझा सिनॉप्सिस तीनदा परत आला होता." ऐकणारीचा जीव भांड्यात पडतो. स्वतःची फजिती न लपवणं ही कुठल्याही सल्ल्याहून मोठी मदत.

नीतीचा प्रश्न इथूनच सुरू होतो. विश्वासानं सांगितलेलं दुखणं विभागभर फिरलं, तर नवा विद्यार्थी पुन्हा कुणाजवळ तोंड उघडणार नाही. मदतीच्या मोबदल्यात डेटा एंट्री आणि प्रूफं गळ्यात पडली, तर सोबतीची वेठबिगारी झाली. म्हणून ऐकलेलं पोटात ठेवावं आणि आपलं काम आपणच करावं. मन खचलं असेल किंवा छळ होत असेल, तर मात्र नुसत्या धीरावर भागवू नये. त्याला विश्वासात घेऊन समुपदेशकाकडे, तक्रार समितीकडे बरोबर जावं.

संस्थेनंही सोबती शक्यतो दुसऱ्या गाईडचा विद्यार्थी निवडावा, म्हणजे बोलणं मोकळं होईल. आणि अशी योजना सुरू केली की आपली जबाबदारी संपली, असं मानू नये. रखडलेली फेलोशिप सीनियरनं दिलेल्या धीरानं खात्यात जमा होत नाही.

तुम्ही संशोधन करत असाल, तर यंदा विभागात आलेल्या नव्या मुलामुलींची स्वतःहून चौकशी करा. यात उपकार कसला? आपल्यालाही कुणीतरी वाट दाखवली होती. कुणीच दाखवली नसेल, तर तिची किंमत तुम्हाला अधिक ठाऊक आहे.